टॅपेट वाजतोय, वाजू दे

"रिंगा गेल्यात. बोअर करून घ्या, पिस्टन किट टाका. साडेनऊ हजार होतील. शनिवारी सोडा, बुधवारी न्या."

एवढं निदान व्हायला साधारण दीड मिनिट लागलं. इंजिन चालू केलं, अ‍ॅक्सिलरेटर दोनदा पिळला, सायलेन्सरकडे एकदा बघितलं, संपलं. फोनवर हे सगळं मला सांगताना माझ्या आतेभावाचा आवाज पार पडला होता. कारण साडेनऊ हजार ही रक्कम त्याच्या खिशातली नव्हती, मामांच्या आल्याच्या पट्टीतली होती. आणि मामांचं त्या गाडीबद्दलचं मत पहिल्या दिवसापासून एकच होतं : "भंगारात पैसे घालतंय पोरगं."

थोडी पार्श्वभूमी सांगतो. माझी आत्या रहिमतपूरला असते (सातारा जिल्हा, कोरेगाव तालुका). तिच्या धाकट्या मुलाला आपण बंड्या म्हणू, खरं नाव लिहिलेलं त्याला आवडणार नाही. बंड्याने दोन वर्षांपूर्वी एक बग्गी बनवली. म्हणजे पाइप वेल्ड करून केलेला सांगाडा, दोन सीटा, मागे जुन्या मोटारसायकलचं दीडशे सीसीचं फोरस्ट्रोक इंजिन आणि चेनवर फिरणारा अ‍ॅक्सल. रानातून माळावर, माळावरून विहिरीवर, एवढीच तिची हद्द. रस्त्यावर ती कधीच येत नाही, आणि येऊही नये.

अशा गाड्यांचं आमच्या भागाला वेड आहे. तुम्हाला आठवत असेल, २०२१ च्या डिसेंबरात सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातल्या सामानातून बनवलेल्या किकवर चालू होणाऱ्या छोट्या जीपचा व्हिडिओ देशभर फिरला होता. आनंद महिंद्रांनी त्यांना त्या जीपच्या बदल्यात बोलेरो देऊ केली आणि जानेवारी २०२२ मध्ये ती दिलीही. त्याच वेळी महिंद्रांनी हेही लिहिलं होतं की ही गाडी नियमांत बसणारी नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. बंड्याची प्रेरणा अर्थातच बोलेरो :-)

तर, या बग्गीचा दम गेला होता. सपाटीला कशीबशी चालायची, चढ आला की श्वास लागायचा. किक मारावी तर पाय लोण्यात घातल्यासारखा खाली जायचा. सकाळी चालू व्हायला वीस-पंचवीस किका. अ‍ॅक्सिलरेटर सोडला की सायलेन्सरमधून फट्-फट्. कॉम्प्रेशन गेलंय हे सांगायला मेकॅनिक नको होता. प्रश्न एवढाच होता की ते गेलंय कुठून?

आणि इथेच माझा मुद्दा सुरू होतो. "कॉम्प्रेशन गेलंय" हे निदान नाही, ते लक्षण आहे. आपल्याकडे कोणी "सर्व्हर स्लो आहे" असं म्हणून लगेच नवीन सर्व्हर मागवला तर आपण त्याला हसतो. (हसतो, आणि मग बजेट असेल तर मागवतोही. असो.) पण गाडीच्या बाबतीत आपण सगळेच लक्षण ऐकून थेट पार्टची किंमत विचारतो.

सिलिंडर म्हणजे शेवटी एक बंद डबा. पिस्टन वर येताना आतली हवा दाबली जाते. ती निसटायला मुख्य वाटा तीन. पिस्टनच्या रिंगांच्या बाजूने खाली क्रँककेसमध्ये, व्हॉल्व नीट बसत नसेल तर तिथून, किंवा हेडखालच्या गॅसकेटमधून. वाट कुठलीही असो, बाहेरून लक्षण जवळपास सारखंच. खर्च मात्र अजिबात सारखा नाही. गॅसकेट काही शे रुपयांचं काम आहे. व्हॉल्वचं काम त्याहून थोडं जास्त. रिंगा आणि बोअर म्हणजे अख्खं इंजिन टेबलावर.

आणि बोअरचं एक असतं, ते मागे घेता येत नाही. सिलिंडर आतून कातायचा आणि त्यात पुढच्या मापाचा पिस्टन टाकायचा. पाव मिलिमीटर, अर्धा, पाऊण, एक... अशी ती मापं संपत जातात. म्हणजे प्रत्येक बोअर हा त्या सिलिंडरच्या आयुष्यातला एक खर्च झालेला डाव. चांगला सिलिंडर नुसत्या अंदाजावर कातला, तर साडेनऊ हजार गेलेच, शिवाय सिलिंडरचा एक जन्म फुकट गेला. अन्डू नाही.

मी बंड्याला म्हटलं, "कुठेही सोडू नकोस. शनिवारी येतो."

पुण्याहून निघताना सोबत एक कॉम्प्रेशन गेज घेतला होता. नऊशे रुपयांचा, स्पार्क प्लगच्या जागी बसणारा. माझा आत्मविश्वास तेव्हा उच्चीचा होता हे इथेच नोंदवून ठेवतो, पुढे उपयोगी पडेल.

पद्धत अगदी सोपी आहे. इंजिन चालू करून थोडं गरम करायचं (चालू होत असेल तर). बंद करून प्लग काढायचा, त्या भोकात गेज घट्ट बसवायचा. प्लगची वायर अर्थ करायची, म्हणजे ठिणगी भलतीकडे पडत नाही आणि इग्निशनलाही धक्का बसत नाही. अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण उघडा धरायचा. हे लोक हमखास विसरतात. हवा आत यायलाच जागा नसेल तर दाबायचं काय? मग सुई वर चढायची थांबेपर्यंत दणादण किका मारायच्या. पाच-सहा पुरतात.

अशा निरोगी इंजिनाला गेजवर साधारण दीडशे पीएसआय तरी दिसायला हवेत. गाव समुद्रसपाटीपासून जितकं उंच तितका आकडा थोडा कमी येतो, दर तीनशे मीटरला साधारण साडेतीन टक्के. त्यामुळे देशावर राहणाऱ्यांनी मुंबईचा आकडा बघून रडू नये.

आमचा आला ६५.

मग दुसरी चाचणी. प्लगच्या भोकातून चहाचा एक चमचा इंजिन ऑइल आत सोडायचं, दोन-तीन किका मारून ते पसरू द्यायचं, आणि पुन्हा मोजायचं. तेल पिस्टनच्या कडेने रिंगांपाशी जाऊन बसतं आणि तिथली फट तात्पुरती बुजवतं. आकडा जोरात उडी मारून वर गेला तर हवा रिंगांकडून जात होती. जागचा हलला नाही, तर रिंगा बिचाऱ्या निर्दोष.

आमचा आला ७०.

बंड्या ओरडलाच, "दादा, म्हणजे बोअर नको?" मी चष्मा सारखा करत म्हणालो, "एवढ्यावर ठरवायचं नसतं." पण मनातून गुदगुल्या होत होत्या. एक चमचा तेल आणि साडेनऊ हजार रुपये, असा तो सामना झाला होता.

इथे एक सावधगिरीची सूचना. हा गेज सगळ्याच इंजिनांवर खरं बोलत नाही. आपल्याकडे २००७ पासून इंजिनिअरिंग कॉलेजांची 'बाहा' स्पर्धा होते, तिच्यासाठी मुलं अशाच बग्ग्या बांधतात. त्यातल्या बऱ्याच गाड्यांना ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनचं छोटं इंजिन असायचं. या जातीच्या इंजिनांमध्ये दोरी ओढताना हात मोडू नये म्हणून सुरुवातीला व्हॉल्व जरासा उघडा ठेवणारी यंत्रणा असते. तिथे गेज कमी आकडा दाखवणारच. ठणठणीत इंजिनालाही. नवशिके तो आकडा बघून इंजिन खोलतात आणि आत काहीच सापडत नाही. म्हणून अशा ठिकाणी उलटी चाचणी करतात. आत हवा भरायची आणि ती कुठून बाहेर येते ते ऐकायचं.

ती आम्हीही केली, कारण आता कुठला व्हॉल्व हे कळायला हवं होतं. साधन म्हणजे शुद्ध जुगाड. एका मेलेल्या स्पार्क प्लगची आतली चिनी माती फोडून काढली, त्या पोकळीत टायरचा व्हॉल्व ब्रेझ करून घेतला. गावातल्या पंक्चरवाल्याने हे काम चहावर केलं आणि त्याचा कॉम्प्रेसरही दिला. पिस्टन कॉम्प्रेशन स्ट्रोकच्या बरोबर टोकाला आणायचा, गाडी वरच्या गिअरमध्ये टाकून ब्रेक दाबून धरायचा, आणि मग हवा सोडायची. शंभर पीएसआय सोडायची हौस करू नका. हवा पिस्टनला खाली ढकलते, इंजिन फिरतं, आणि चेनजवळ कुणाची बोटं असली तर ती जातात. नुसतं ऐकायला तीस-चाळीस पुरे.

मग कान लावायचा. कार्बुरेटरमधून फुस्स आलं तर इनलेट व्हॉल्व. ऑइल भरायच्या भोकातून जोरात आलं तर रिंगा (थोडंसं तिथून प्रत्येक इंजिनात येतंच). सायलेन्सरमधून आलं तर एक्झॉस्ट व्हॉल्व.

सायलेन्सरमधून आलं. कान लावायचीही गरज नव्हती, ओट्यावर बसलेल्या आत्यालासुद्धा ऐकू गेलं.

मामा इतका वेळ बाजेवर बसून हा तमाशा बघत होते. त्यांनी तरुणपणी विहिरीवर हँडल मारून चालवायचं डिझेल इंजिन वापरलेलं. डीकॉम्प्रेशनचा खटका वर करायचा, हँडल गरागरा फिरवायचं, वेग आला की खटका सोडायचा, आणि हँडल वेळेत निसटलं नाही तर मनगट जायचं. आमच्या या पट्ट्यात इंजिन ही काही नवी गोष्ट नाही. रहिमतपूरवरून जाणारी पुणे-मिरज रेल्वे पुढे किर्लोस्करवाडीला जाते, आणि ती वाडी १९१० साली लोखंडी नांगर बनवण्यासाठी वसली. इथल्या म्हाताऱ्यांना 'कॉम्प्रेशन' शब्द येत नसेल, पण हँडलला हात लावून इंजिनात दम किती ते त्यांना कळतं. मामा उठले, किक हाताने हळूच खाली दाबली, आणि म्हणाले,

"आरं, दिवाळीत ह्याचा टकटक आवाज येत हुता. तो बंद कुणी केला?"

मी गेज पुसायला लागलो.

दिवाळीत तो आवाज मी बंद केला होता.

झालं असं की दिवाळीला गेलो होतो तेव्हा इंजिनाचा टॅपेट वाजत होता. टिक-टिक-टिक-टिक. बंड्याला त्याचं काही नव्हतं, मला मात्र सहन होईना. मी पाना घेतला, एक्झॉस्टच्या टॅपेटचा स्क्रू थोडा आवळला, आवाज गेला. फीलर गेज हाताशी नव्हता, म्हणून अंदाजाने. इंजिन गार व्हायची वाटही बघितली नव्हती. वर बंड्याला भाषण दिलं होतं की बघ, छोट्या गोष्टींकडे लक्ष द्यायचं असतं...

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : व्हॉल्वला उघडणारा रॉकर आणि व्हॉल्वची दांडी यांच्यात केसाएवढी फट ठेवावी लागते. आमच्या इंजिनाच्या पुस्तकात एक्झॉस्टसाठी ती ०.१० मिमी दिली आहे, तीही गार इंजिनावर मोजायची. ही फटच थोडं टकटकते. ती शून्य केली की आवाज जातो, पण रॉकर व्हॉल्वला कायम थोडासा टेकून राहतो आणि व्हॉल्व पूर्ण मिटत नाही. एक्झॉस्ट व्हॉल्वला तापलेला धूर सोसावा लागतो, आणि त्याची बरीचशी उष्णता बाहेर जाते ती तो आपल्या बैठकीवर टेकलेला असताना. टेकायलाच दिलं नाही तर तो तापत राहतो, कड जळते, आणि गळती वाढत जाते. शिवाय वापराने व्हॉल्व आपल्या बैठकीत हळूहळू खोल बसतो, त्यामुळे उरलीसुरली फटही कमी होते. म्हणजे मी लावलेला बग रोज स्वतःहून वाढत होता.

झाकण काढलं. फीलर गेज या वेळी आणला होता. सगळ्यात पातळ पात, ०.०४ ची, तीसुद्धा आत जाईना.

आता खरी लाज वाटायची गोष्ट ऐका. कॉम्प्रेशन मोजायच्या आधी टॅपेट तपासावेत, हे कुठल्याही दुरुस्तीच्या पुस्तकात पहिल्या पानावर असतं. फुकट काम, दहा मिनिटांचं. मला ते माहीत होतं. तरी ती पायरी मी गाळली. का? कारण टॅपेट "मीच तर लावलेत" म्हणून. बाकी सगळ्या जगावर मला संशय होता. गॅरेजवाल्यावर, धुळीवर, बंड्याच्या एअर फिल्टरवर, पेट्रोल पंपावर. माझ्या स्वतःच्या हातावर नव्हता.

ऑफिसात आपण हेच करतो. रात्री दोन वाजता प्रॉडक्शन पडलं की आधी नेटवर्कवाले, मग डेटाबेसवाले, मग क्लाउड कंपनी. आपला परवाचा दोन ओळींचा बदल? छे, तो तर किरकोळ होता. आणि अनेकदा तो किरकोळ बदल म्हणजे कुठलीतरी कटकट करणारी वॉर्निंग बंद केलेली असते. टिक-टिक गेली, सगळे खूश. सहा महिन्यांनी दम जातो आणि तोवर कुणालाच आठवत नाही की मध्ये एक आवाज बंद झाला होता.

म्हणून गॅरेजवाल्याला शिव्या घालायला मी तयार नाही. त्याच्या दारात संध्याकाळपर्यंत दहा गाड्या लागतात. मोजायचे पैसे त्याला कोणी देत नाही, बदललेल्या पार्टचे देतं. "अर्धा तास तपासलं, काही बदललं नाही, दीडशे रुपये द्या" असं तो म्हणाला तर आपणच म्हणू, "केलंय काय तुम्ही?" मग तो कशाला मोजेल? माळावरची धूळ खाणाऱ्या गाडीत रिंगा जाणं हे सगळ्यात संभवनीय होतं, त्याचा अंदाज मूर्खपणाचा नव्हता. चुकीचा होता, एवढंच. आणि त्याच्यापुढे तरी दहा गाड्या होत्या. माझ्यापुढे एकच होती, हातात वेळ होता, पुस्तक होतं, आणि तरीही मी दिवाळीत न मोजता स्क्रू फिरवला. दोघांत जास्त दोषी कोण हे तुम्हीच ठरवा.

पुढचं थोडक्यात. संध्याकाळी इंजिन पूर्ण गार झाल्यावर टॅपेट ०.१० वर लावला. पुन्हा मोजलं, ११५. बराच सुधारला, पण पुरा नाही. व्हॉल्वची कड थोडी भाजली होती. रविवारी सकाळी हेड काढलं, गावातल्या वर्कशॉपमध्ये व्हॉल्व पेस्ट लावून ग्राइंड करून घेतला, उलट्या हेडमध्ये डिझेल ओतून अर्धा तास ठेवलं. थेंबही खाली आला नाही. नवीन गॅसकेट, व्हॉल्वची सील, मजुरी धरून साडेनऊशे रुपये. दुपारी गेजवर १५०. किक मारताना बंड्याचा पाय परत वर उडाला, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जे हसू होतं ते मी अनेक दिवस विसरणार नाही.

"म्हणजे शेवटी इंजिन उघडलंच की!" असं तुम्ही म्हणाल. हो, उघडलं. इंजिन उघडूच नये असं माझं म्हणणं नाहीच. कुठे बघायचंय हे ठरवून उघडलं, आणि सिलिंडरला हात न लावता बंद केलं. उघडल्यावर शोधणं आणि शोधून उघडणं यात साडेआठ हजारांचा फरक निघाला.

ते साडेनऊशे मी दिले. बंड्या नको नको म्हणत होता. रात्री जेवताना मी मामांना सरळ सांगितलं, "मामा, चूक माझी होती. पोराच्या गाडीत काही वाईट नव्हतं, मीच बिघडवली." हे वाक्य म्हणायला मला दोन भाकरींचा वेळ लागला. कारण सहा महिने मामा बंड्याला "भंगार, भंगार" म्हणत होते आणि बंड्या मुकाट ऐकत होता. त्याला वाटत होतं आपण बांधलेल्यातच काहीतरी कमी आहे. गेजचा आकडा पैशाचा हिशोब सांगून गेला. हा दुसरा हिशोब माझा मलाच मांडावा लागला.

मामा काही बोलले नाहीत. ठेच्याची वाटी माझ्याकडे सरकवली. मग बंड्याकडे बघून म्हणाले, "उद्या आल्याला खत टाकायचंय. चार पोती हिच्यावर जात्यात का बघ."

सोमवारी पहाटे निघताना बंड्याने बग्गी चालू केली. बारीक टिक-टिक ऐकू येत होती. सवयीने माझा हात पान्याकडे गेला.

"दादा," बंड्या म्हणाला, "वाजू दे."